'बसते भाऊजी, उत्तर मिळालं की'

ताई, नमस्कार.

मी सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका लहान गावात राहते. वय ३६, शिक्षण बारावी. बचत गटाची अध्यक्ष आहे आणि दोन वर्षांपूर्वी महिला राखीव जागेवर ग्रामपंचायत सदस्य म्हणून निवडून आले. आमच्या वरच्या वस्तीला नळाचं पाणी चौथ्या दिवशी येतं, तेही अर्धा तास. घरात पाच माणसं, तीन टिपाडं भरतात. खाली गावठाणात दिवसाआड पाणी. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हे विचारायचंच असं ठरवून उभी राहिले. दोन वाक्यं बोलले आणि घसा कोरडा पडला, पाय लटपटायला लागले, पुढचं काही सुचेना. मागून कुणीतरी म्हणालं, 'बसा वहिनी, दादांना बोलू द्या.' सगळे हसले. मी बसले. मग आमचे हे उठले, पण त्यांनी पाण्याचं सोडून रस्त्याचंच काढलं. माझा तो वीस सेकंदांचा व्हिडिओ कुणी तरी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दहावीतली मुलगी म्हणाली, 'आई, तू बसलीस का?' तेव्हापासून नीट झोप नाही. गटात मी तासभर बोलते, तिथं काही होत नाही. मोबाईलवर 'एकवीस दिवसांत स्टेज डेअरिंग' अशी क्लासची जाहिरात येते, फी साडेसात हजार. करू का? की माझ्या स्वभावातच हे नाही?

एक सदस्य


ताई,

वयानं मी तुमच्यापेक्षा बरीच मोठी आहे, पण तुम्ही निवडून आलेल्या सदस्य आहात, म्हणून मीही तुम्हाला ताईच म्हणणार.

क्लासचं आधी मिटवून टाकू. नका करू. असले सगळे क्लास फसवे असतात असं माझं म्हणणं नाही. पण तिथं तुम्ही अनोळखी माणसांपुढे 'माझा आवडता सण' यावर बोलाल, ती टाळ्या वाजवतील आणि तुम्हाला बरं वाटेल. ग्रामसभेत समोर बसलेल्यांना तुमचं माहेर ठाऊक, सासऱ्यांचा बांधावरून झालेला वाद ठाऊक आणि कुठल्या घरानं तुम्हाला मत दिलं नाही हेही ठाऊक. तिथं बोलणं निराळं. साडेसात हजारांत दोनशे लिटरची टिपाडं किती येतात ते तुम्हीच बघा.

आता स्वभावाचं. तुम्ही स्वतःच लिहिलंय की गटात तासभर बोलता. म्हणजे बोलता येतं. हप्ता थकवलेल्या बाईला सगळ्यांदेखत कसं विचारायचं आणि तरी तिला तोडायचं नाही, हे तुम्ही दर बैठकीला करता. माझ्या मते भाषणापेक्षा ते अवघड. लग्नात तीनेकशे माणसांसमोर नाव घेतलं असेल ना? उखाणा म्हणजे काय असतो? नव्या घरात, नव्या माणसांत, सगळे टक लावून बघत असताना, मागून 'मोठ्यानं, मोठ्यानं' असा गलका चालू असताना, बाईनं उभं राहून बोलणं. आपल्याकडच्या बहुतेक बायकांचं पहिलं जाहीर बोलणं तेच. फक्त त्याला कुणी भाषण म्हणत नाही.

मग ग्रामसभेत काय झालं? माझ्या समजुतीप्रमाणे दोन वेगवेगळ्या गोष्टी झाल्या आणि तुम्ही त्यांचं एकच गाठोडं बांधून डोक्यावर घेतलंय. एक, तुमचं शरीर घाबरलं. दुसरं, कुणीतरी तुम्हाला बसवलं. पहिलं तुमचं आहे, त्यावर काम करता येतं. दुसरं तुमचं नाहीच.

शरीराचं बघू. माणूस धोक्यात सापडला की अंगात ॲड्रिनॅलिन उसळतं. छाती धडधडते, हातापायातले स्नायू ताणले जातात, तोंडाची लाळ आटते. हे पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी असतं. समोर बिबट्या असता तर हेच उपयोगी पडलं असतं. ग्रामसभेत पळताही येत नाही आणि झुंजताही येत नाही, म्हणून ती सगळी ताकद गुडघ्यांत थरथरत राहते. वर्षानुवर्षं सभा गाजवणाऱ्यांनाही हे होतं. त्यांना एवढंच माहीत असतं की पहिली दोनतीन वाक्यं गेली की थरथर उतरायला लागते. तुम्ही नेमक्या त्या दोन वाक्यांनंतर बसलात. घाट चढून माथ्याजवळ आलात आणि तिथून माघारी फिरलात, असं झालं.

थरथर अजिबात होऊ नये असं काही माझ्याकडे नाही. तिच्यासकट बोलता यावं, एवढ्यासाठी काही साध्या गोष्टी आहेत. उभं राहण्याआधी चारपाच वेळा श्वास सावकाश सोडा. घेण्यावर नाही, सोडण्यावर लक्ष ठेवा, घेतल्यापेक्षा जास्त वेळ सोडा. उभ्या राहिल्यावर दोन्ही पायांवर सारखं वजन. समोरच्या खुर्चीची पाठ हातानं धरा, चालतं. हातात सुटा कागद नको, तो फडफडतो आणि त्याची फडफड बघून आपण आणखी घाबरतो. गटाची जाड पुठ्ठ्याची वही घ्या. पाण्याची बाटली स्वतःची न्या आणि उभं राहायच्या आधी घोटभर प्या.

आणखी एक सांगते, कारण ते नुसतं ठाऊक असण्यानंही फरक पडतो. अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी, सॅविट्स्की आणि गिलोविच यांनी, २००३ मध्ये भाषणाच्या भीतीवर काही प्रयोग प्रसिद्ध केले. बोलणाऱ्याला वाटतं की आपली घबराट सगळ्यांना लख्ख दिसतेय. ऐकणाऱ्यांना विचारलं तर त्यांना ती बरीच कमी दिसलेली असते. पुढची गंमत अशी की ज्यांना हे आधी समजावून सांगितलं, त्यांची भाषणं न सांगितलेल्यांपेक्षा चांगली झाली. तुमचे पाय लटपटत होते ते साडीच्या आत. गावानं पाहिली ती एक बाई, जी बोलता बोलता थांबली. तो व्हिडिओ पुन्हा एकदा, आवाज बंद करून बघा. लटपटणं दिसतंय का सांगा. (ग्रुप मात्र सोडू नका, आणि तिथं खुलासाही करू नका. कुणाचा तरी वाढदिवस येईल आणि तो व्हिडिओ वर सरकून जाईल.)

आता माझी फजिती. पंचवीस वर्षं मी गावोगाव महिला सदस्यांची प्रशिक्षणं घेतली, त्यामुळे लोकांना वाटतं ही जन्मतःच बोलकी. माझं पहिलं भाषण एका तालुक्याच्या गावी, ८ मार्चला. चार पानं लिहून काढली, आठ दिवस घोकली. सुरुवात 'आजच्या या मंगल प्रसंगी व्यासपीठावर विराजमान' अशी. विराजमान झालेली अकरा माणसं. सहाव्या नावाला अडले. नाव आठवेना, आणि ते आठवल्याशिवाय सातवंही येईना, कारण घोकलेलं असं असतं, साखळीची एक कडी निसटली की पुढची सगळी विहिरीत. पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, 'बाई, आधी पाणी पी.' लोक हसले. मीही हसले, पाणी प्यायले. मग मला भाषण आठवेना म्हणून मी आदल्या आठवड्यात एका वस्तीवर काय पाहिलं ते सांगत सुटले. ते बरं झालं. चार पानं पर्समध्येच राहिली.

त्या दिवसापासून मी पाठांतराची वैरीण आहे. आपल्याकडे हा रोग शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धांपासून लागतो. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो', मग मूठ आवळून हात वर, मग शेवटी 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते.' दोन शब्द म्हणून सात मिनिटं. त्यातून आपल्या मनात पक्कं बसतं की भाषण म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेलं आपण न अडखळता म्हणून दाखवायचं, आणि अडखळलो की हरलो. ग्रामसभेत तुम्हाला बक्षीस नकोय, पाणी हवंय. अडखळत विचारलेल्या प्रश्नाचंही उत्तर द्यावंच लागतं.

भीती असलेल्या माणसांची गोष्ट निघाली की लोक गांधीजींचं नाव घेतात, पण अर्धीच गोष्ट सांगतात. पुरी सांगते. इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात त्यांना पहिला खटला मिळाला, फी ३० रुपये. उलटतपासणीसाठी उभे राहिले, डोकं गरगरायला लागलं, एकही प्रश्न सुचेना. खाली बसले, फी परत केली आणि बाहेर पडले. तुमच्या १५ ऑगस्टसारखंच, फक्त मोबाईल नव्हते. मग १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियात, तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांच्या बैठकीत ते बोलले. आयुष्यातलं आपलं पहिलं जाहीर भाषण तेच, असं त्यांनी लिहून ठेवलंय. विषय होता व्यापारातला खरेपणा, आणि त्या विषयाची तयारी करून ते गेले होते. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं असं की १८९६ मध्ये ते मुंबईत आले, तिथले नामवंत पुढारी फिरोजशहा मेहता यांनी त्यांची सभा ठेवली, भाषण आधी लिहून काढायला लावलं, आणि सभेत यांचा आवाज पुन्हा बसला. मेहता 'मोठ्यानं वाचा' म्हणत राहिले तसा तो आणखी खोल गेला. शेवटी ते भाषण मेहतांचे सहकारी दिनशा वाच्छा यांनी वाचून पुरं केलं. म्हणजे प्रिटोरियात जमलं आणि तीन वर्षांनी मुंबईत जमलं नाही.

ही उरलेली अर्धी मला जास्त कामाची वाटते. आत्मविश्वास एकदा मिळवला की कपाटात ठेवता येतो, अशी आपली समजूत असते. तसं नसतं. तो जागेजागेला, माणसामाणसांत वेगळा असतो. गटात तुमच्याकडे आहे, ग्रामसभेत अजून नाही, उद्या ग्रामसभेत आला तरी पंचायत समितीत पुन्हा घसा कोरडा पडेल. तेव्हा 'आधी माझ्यात डेअरिंग येऊ दे, मग बोलते' म्हणून थांबलात तर थांबूनच राहाल. ते बोलण्याच्या मागून येतं, आणि तेही रमतगमत. बोलायला उभं राहण्यासाठी तुम्हाला लागतात तीन गोष्टी: एक नेमका प्रश्न, त्याचा पुरावा आणि तुमच्या बाजूची चार माणसं. प्रश्न तुमच्याकडे आहे. पुरावा पुढच्या काही आठवड्यांत तयार होईल. माणसं तुमच्या गटात बसलेलीच आहेत.

पुरावा असा. स्वयंपाकघरात कॅलेंडर लटकतंय ना, ज्यावर दुधाचे खाडे लिहिता? त्याच चौकोनात आजपासून पाणी लिहा. आलं की वेळ, गेलं की वेळ. वस्तीच्या दुसऱ्या टोकाच्या दोन घरांनाही लिहायला सांगा, म्हणजे 'तुमच्याच नळाला प्रॉब्लेम असेल' हे उत्तर बाद. मग हिशोब करा. तुमच्या पत्रावरून मीच केला: तीन टिपाडं म्हणजे सहाशे लिटर, ती पुरवायची चार दिवस, घरात पाच माणसं. माणशी रोज ३० लिटर पडतं. जलजीवन मिशन ही केंद्राची नळपाण्याची योजना, तिचं मोजमाप आहे माणशी रोज ५५ लिटर. हे दोन आकडे शेजारी ठेवले की तुमचं अर्धं भाषण झालं. आकड्याला कुणी 'बसा वहिनी' म्हणू शकत नाही.

आता भाषण. भाषण कसलं, हे एवढंच:

'नमस्कार. मी वॉर्ड तीनची सदस्य. आमच्या वरच्या वस्तीला गेल्या महिन्यात इतक्या वेळा पाणी आलं, तारखा या वहीत आहेत. योजना सांगते माणशी ५५ लिटर. आमच्याकडे पडतं ३०. गावठाणाला दिवसाआड मिळतं, मग वरच्या वस्तीला दिवसाआड कधीपासून मिळणार? तारीख सांगा. आणि माझा प्रश्न नि त्याचं उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.'

बास. वॉर्डाचा नंबर आणि आकडे तुमचे घाला. सरपंचांपासून पोलीस पाटलांपर्यंत नावं घेत बसू नका, त्यातच दम जातो. दुःख सांगू नका. 'आम्हा बायाबापड्यांचे किती हाल' हे सगळ्यांना माहीत आहे, ते ऐकून माना हलतात आणि विषय संपतो. आणि रस्ता, गटार, दिवे यांतलं काहीही त्या दिवशी तोंडातून काढू नका. चार विषय काढले की समोरचे त्यांतला सोपा निवडतात आणि त्यावरच बोलत बसतात.

हे पाठ करायचं नाही. पुरा मजकूर वहीच्या मागच्या पानावर राहू द्या. बोलण्यासाठी पुढच्या पानावर चारच शब्द लिहा: वस्ती, ३०–५५, तारीख, इतिवृत्त. एवढ्यावरून रोज एकदा बोलायचं, दर वेळी शब्द थोडे वेगळे आले तरी चालतील. मनातल्या मनात नाही, तोंडानं. मनात बोललेलं भाषण सगळ्यांचंच उत्तम होतं.

आवाजाचं वेगळं सांगते, कारण बायकांचं इथेच अडतं. 'बाईमाणसाचा आवाज उंबऱ्याबाहेर जाऊ नये' हे लहानपणी इतकं ऐकलेलं असतं की माइक हातात आला तरी आवाज उंबऱ्याच्या आतच राहतो. पण तुम्ही रानात चार वाफे पलीकडे असलेल्या माणसाला हाक मारता ती कशी मारता? गळ्यातून नाही, पोटातून. आवाज किंचाळत नाही तरी पोचतो. तो आवाज ग्रामसभेत न्यायचा. प्राचीन ग्रीसमधला नामांकित वक्ता डेमॉस्थिनिस समुद्राच्या गाजेसमोर उभा राहून बोलायचा सराव करायचा म्हणतात. तुमच्याकडे समुद्र नाही, पण पिठाची गिरणी आहे. दळण होईपर्यंत गिरणीत उभं राहून शेजारणीला ही आठ वाक्यं सांगा. तिला ती ऐकू गेली तर ग्रामसभेतही जातील. मुलीला अंगणाच्या पार टोकाला उभी करा आणि तिला फक्त ऐकू आलं की नाही एवढंच विचारा. चांगलं झालं का, हे मुळीच विचारायचं नाही. दहावीतली मुलं परीक्षक म्हणून फार कडक असतात.

माइक असेल तर हनुवटीच्या खाली, चार बोटांवर धरा. शिट्टी वाजली तर थांबा, हसू नका, माफी मागू नका. वाजणं हा माइकचा दोष असतो.

मधली पायरी सोडू नका. एकदम ग्रामसभा नको. आधी गटाच्या बैठकीत, बसून नाही, उभं राहून हेच बोला. टोस्टमास्टर्स म्हणून भाषणाचा सराव करून घेणारी एक संस्था आहे, १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली, आपल्याकडे पुण्यामुंबईतही तिचे क्लब आहेत. तिथं एक जण बोलणाऱ्याचे नुसते 'अं, अं' मोजायला बसवलेला असतो. तुम्ही गटात एकीला तुमचे 'म्हणजे' मोजायला बसवा. हसाल खूप. मग ग्रामसंघाच्या, म्हणजे सगळ्या बचत गटांच्या मिळून होणाऱ्या, बैठकीत बोला, तिथं दुसऱ्या वाड्यांच्या बायका असतात. आणि मग महिला सभेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असं आपला ग्रामपंचायतीचा कायदाच सांगतो. कितीतरी गावांत ती रजिस्टरमध्येच होते, सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. तुमच्या गावात तसं चालत असेल तर ती खरोखरची भरवायला लावा. तिथं पाण्याचा विषय मांडा, ठराव करून घ्या. ग्रामसभेत मग तुम्ही एकट्या बोलत नसता, महिला सभेचा ठराव घेऊन उभ्या असता. 'माझं म्हणणं असं आहे' म्हणताना आवाज कापतो, 'महिला सभेनं ठरवलं आहे' म्हणताना कमी कापतो. करून बघा.

आणि अर्ज. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (आपले आधीचे ग्रामसेवक भाऊसाहेब) हाच विषय लेखी द्या, ग्रामसभेची नोटीस निघायच्या आधी, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर घालून पोच घ्या. कशासाठी, तर विषय विषयपत्रिकेवर यावा म्हणून. नाहीतर तो 'ऐनवेळचे विषय, मा. अध्यक्षांच्या परवानगीने' या शेवटच्या ओळीत जातो, आणि त्या ओळीपर्यंत अर्धी सभा चहाच्या टपरीवर गेलेली असते. विषय क्रमांक चार म्हणून तुमचं नाव पुकारलं गेलं की उठायचं धाडस करावं लागत नाही, उठणं हे कामच होतं.

त्या दिवशी बायकांनी लवकर जायचं. आपण नेहमी उशिरा जातो, देवळाच्या पायरीवर किंवा शाळेच्या भिंतीकडेला पदर सावरून बसतो आणि मग आवाज पोचत नाही म्हणून कुढतो. पुढे, सतरंजीवर, अध्यक्षांच्या समोर बसा. गटातल्या चौघी तुमच्या दोन्ही बाजूंना. त्यांची कामं आधीच वाटून द्या. तुम्ही अडखळलात तर एकीनं नुसतं 'बोला ताई' म्हणायचं. तुम्ही बसल्यावर उत्तर न देता विषय पुढे सरकला तर दुसरीनं विचारायचं, 'ताईंच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.' हे काम घरातल्या मोठ्या सासूबाईंना दिलंत तर फारच उत्तम. त्या वयाच्या बाईला 'बसा' म्हणायची छाती गावात फार थोड्यांची असते.

'बसा वहिनी' पुन्हा येईल. तो विनोद तुमच्या बोलण्यावर नव्हता, तुम्ही तोवर दोनच वाक्यं बोलला होतात. तो तुम्हाला बसवण्यासाठी होता, आणि चालला म्हणून पुन्हा वापरला जाईल. भांडू नका, भांडण झालं की पाणी बाजूला राहतं आणि 'बायका किती तोंडाळ' हा विषय सुरू होतो. हसू थांबेपर्यंत उभ्या राहा. मनात पाच आकडे मोजा. मग त्या बाजूला वळून शांतपणे म्हणा, 'बसते भाऊजी, उत्तर मिळालं की.' आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पहिल्यापासून पुन्हा. हे एवढं एक उत्तर मात्र पाठ करा, इथं माझी पाठांतराला सूट आहे. आरशासमोर नको, भाकरी थापताना म्हणा, म्हणजे हाताचा ठेका त्यात येईल.

यजमानांचं राहिलं. तुम्ही त्यांच्याबद्दल तक्रार केली नाहीत, मीही करत नाही. बायको अडली म्हणून उठले, प्रेमानंच उठले असतील. पण परिणाम काय झाला बघा: पाणी राहिलं आणि रस्ता आला. १९९३ मध्ये त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं बायकांना पंचायतीत एक तृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्रानं २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. मी प्रशिक्षणाला जायचे तेव्हा सुरुवातीची कितीतरी वर्षं बाई खुर्चीत आणि नवरा दारात, असंच चित्र असायचं. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दारातून यायचं. ते आता पुष्कळ बदललंय, पण 'दादांना बोलू द्या' हे त्याच दाराचं बिजागर आहे. ग्रामसभेत मतदार म्हणून त्यांना बोलायचा हक्क आहे, तो कुणी काढून घेत नाही. तुम्ही फक्त आदल्या रात्री, जेवण झाल्यावर, चांगल्या मूडमध्ये असताना त्यांना सांगा: 'उद्या पाण्याच्या विषयात मी थांबले तरी तुम्ही उठायचं नाही. मी कितीही वेळ गप्प राहिले तरी.' त्यांना ते जड जाईल. आपल्या माणसाला अडखळताना बघणं सोपं नसतं. फारच तगमग व्हायला लागली तर व्हिडिओ काढायचं काम त्यांना द्या. हात गुंतलेले राहतील, आणि या वेळचा पुरा व्हिडिओ तुमच्याकडेही असेल.

समजा एवढं करूनही पुन्हा अडलात. होऊ शकतं, १८९६ ची मुंबई विसरू नका. तर वही शेजारच्या बाईच्या हातात द्या आणि म्हणा, 'पुढचं ही वाचेल.' मागच्या पानावरच्या आठ ओळीच आहेत. प्रश्न विचारला गेला, इतिवृत्तात गेला, काम झालं. तुमच्या तोंडून पुरा झाला की नाही हा हिशोब तुमचा आणि माझा, पाण्याचा नाही.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला अजून चार आठवडे आहेत. तारीख मागेपुढे झाली तरी कॅलेंडरवर लिहिणं आजपासूनच सुरू करा, कारण आकडे नंतर आठवून लिहिता येत नाहीत. सभा झाल्यावर आठवडाभरात इतिवृत्ताची नक्कल मागा आणि तुमच्या प्रश्नापुढे नेमकं काय लिहिलंय ते मला कळवा. 'पाणीपुरवठ्याबाबत चर्चा झाली' एवढंच असेल तर तुमचा प्रश्न गाळलाय असं समजा. मग पुढचं पत्र आपण दोघी मिळून गटविकास अधिकाऱ्यांना लिहू.

आणि हो, चष्मा लागला असेल तर तो घेऊन जा. स्वतःच्याच वहीतलं अक्षर दिसलं नाही म्हणून खाली बसलेल्या बायका मी दोन पाहिल्यात, आणि त्या दोघींनाही घरी गेल्यावर वाटलं होतं की आपल्यात डेअरिंगच नाही.

तुमची,
ताई